पुनवेची चिंबोरी

"ही विकायची नाही," मावशी म्हणाली. "द्यायची आहे."

विरारहून सुटलेली डहाणू लोकल वैतरणेला थांबली तेव्हा ती टोपली घेऊन चढली होती. वर ओलं गोणपाट, आणि गोणपाटाखाली सारखी खरखर. समोरच्या बाईने कोपरा उचलून पाहिला आणि लगेच भाव विचारला. चिंबोरी होती. पंजाएवढी, डेंगे सुतळीने आवळलेले, तोंडाशी बारीक फेस. रविवारची सकाळ, बाईच्या डोळ्यांसमोर रस्सा उकळत असणार, तिने बोली अडीचशेपर्यंत नेली. मावशीने गोणपाट पुन्हा नीट खोचलं. एवढ्यात गाडी पुलावर आली.

कुणाला द्यायची? तर देवाला. बोईसरला मुलगा-सून राहतात, त्यांच्या मंडळीत आज कापणीचा सण आहे. पुराणातली वैतरणी पार करायला गाय दान द्यावी लागते, असं माझी आजी सांगायची. इथे खरीखुरी वैतरणा चिंबोरी घेऊन पार होत होती. मला पालघरला उतरायचं होतं. उतरले नाही.

मंडळी म्हणजे एमआयडीसीच्या जवळ भाड्याने घेतलेला एक हॉल. दारातच "जय ख्रिस्त" झालं, कुणीतरी खुर्ची पुढे केली. बसलेले बरेचसे लोक नगरकडचे, जालन्याकडचे. तारापूरच्या कारखान्यांत कुणी कायम, बहुतेक कंत्राटावर. शेत गावी राहिलं, काहींचं तर नव्हतंच. तरी कापणीचा सण करायचा, तर टेबलावर ठेवायचं काय? पाच किलो वाडा कोलम होता, बाल्कनीतल्या वेलाचा एक दुधी होता, चिकू होते, अंडी होती. एका तरुणाने कंपनीत मिळालेले कोरे हातमोजे ठेवले. "आमचं पीक हेच," तो म्हणाला, आणि हॉल हसला. बाहेरून कारखान्यांचा आंबूस वास येत होता. आत झेंडू, पिकली केळी आणि त्या सगळ्यावर चिंबोरीचा खाडीच्या चिखलाचा वास.

गीतं झाली, वचन झालं, प्रार्थना झाली. मग लिलाव.

नियम सोपा. बोली जिंकणाऱ्याने पैसे द्यायचे. वस्तू घरी न्यायची तर न्यायची, नाहीतर पुन्हा टेबलावर. बोली लावणारा दादा एरवी फोर्कलिफ्ट चालवतो. दुधी दीडशेला गेला, तांदूळ सहाशेला. चिंबोरी वर धरली तेव्हा मुलं खुर्च्यांवर चढली. "तीनशे, एकवार, दोनवार..." तीनशेला सुटली. घेणाऱ्याने टोपली हातात घेतली, आत डोकावला आणि परत टेबलावर ठेवली. दुसऱ्यांदा साडेतीनशे, तिसऱ्यांदा चारशे. चौथ्यांदा पाचशेची बोली चालू असताना सुतळी सुटली आणि चिंबोरी पाळकसाहेबांच्या पायांशी तिरकी पळाली. पाळकसाहेब खुर्चीवर! हॉल इतका हसला की खजिनदाराला वहीत काय लिहायचं ते समजेना. पाचव्यांदा आठशे.

"दोन हजार तीनशे पन्नास," खजिनदाराने बेरीज वाचली. एका चिंबोरीचे. मागून कुणीतरी पुन्हा म्हणालं, "दोन हजार तीनशे पन्नास!" जेवणाच्या पंगतीतही तोच आकडा फिरत होता.

खरं तर जुन्या करारातल्या नियमशास्त्राप्रमाणे ज्याला खवले-पर नाहीत असं पाण्यातलं काहीही निषिद्ध. चिंबोरी त्या वेदीच्या जवळपासही फिरकू शकली नसती. पण पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, जिथे कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नका असं तो बजावतो, तिथे आनंदाने देणाऱ्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द आहे हिलारोस. इंग्रजीतला 'हिलॅरियस' त्याच कुळातला. पत्राचा तो भाग तसा वसुलीचाच आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी द्यायचं करिंथकरांनी वर्षभर आधी कबूल केलं होतं आणि काम अर्धवट राहिलं होतं. पौल त्यांना मासेदोनियाच्या मंडळ्यांची आठवण देतो, ज्यांनी स्वतः कंगाल असून ऐपतीबाहेर दिलं. म्हणजे भीड घालू नका म्हणायचं आणि शेजाऱ्याचं उदाहरणही द्यायचं. हे मला ओळखीचं वाटतं. मी लहानपणी ज्या मंडळीत जायचे तिथे नावं आणि रकमा मोठ्याने वाचायचे. वडिलांचं नाव आलं की ते बुटांकडे बघायचे. अकरा रुपये. त्या हॉलमध्ये कधी कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

आणि देणाऱ्याचा आनंद म्हटला की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. रेव्हरंड टिळक हाताला लागेल ते देऊन टाकणार, 1917 साली तर मिशनची पगारी नोकरीही सोडून 'देवाचा दरबार' काढणार. आणि चूल मात्र लक्ष्मीबाईंनी पेटवायची. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो ते त्या हसवतात म्हणून. म्हणून कुणी दानाचं कौतुक करू लागलं की मी आधी स्वयंपाकघरात डोकावते.

मावशीच्या बाबतीत देणारी तीच आणि चूलही तिचीच. परतीच्या गाडीत ती रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. नवरा रेतीच्या होडीवर होता, आता नाही. ती ओहोटीला तिवरांत उतरते, बिळात लोखंडी आकडा घालते. मिळेल ते विरारला विकते. बोटांवर जुन्या चाव्यांचे पांढरे वण होते. अडीचशे रुपये सकाळीच मिळत होते, मी म्हटलं.

"ते घरात खर्च झाले असते," ती म्हणाली. "आणि पाळकसाहेब खुर्चीवर कुठे चढले असते?"

सफाळे गेलं. तिच्या कपाळावर एकदम आठी आली.

"आठशे दिले त्या पोराने. खोलीवर चौघं राहतात, आज ती शिजवतील." ती खिडकीतून खाडीकडे बघत होती. "अवसेची असती तर भरलेली असती. आता पुनव आलीय. आत काही निघायचं नाही गं तिच्यात."

पूल आला. तिने बोटांवर दिवस मोजायला सुरुवात केली.