संशयास्पद एपीके तपासतात कशी? नकली प्रोसेसर लावतो मेमरीवर पहारा

लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते. ती इन्स्टॉल केली की खाते रिकामे होऊ शकते. अशा फाइलमधला कोड तपासायला तज्ज्ञ इम्युलेटर वापरतात. इम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअरने उभा केलेला नकली प्रोसेसर. २०१५ मध्ये आलेला ‘युनिकॉर्न’ त्यातलाच एक.

यात मेमरीचे ४ केबीच्या पटीत तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्याला तीन परवानग्या देता येतात: वाचणे, लिहिणे आणि कोड चालवणे. जसा शेतात एखाद्याला फक्त वाटेचा हक्क असतो, पेरायचा नाही, तसेच हे. परवानगी नसताना कोडने हात घातला की इम्युलेटर तिथेच थांबतो आणि जागाही दाखवतो.

लपवलेला व्हायरस बऱ्याचदा आधी मेमरीत स्वतःला उलगडून लिहितो, मग तिथूनच चालतो. त्या तुकड्याची ‘चालवणे’ परवानगी काढून ठेवली की तो नेमका त्या क्षणी सापडतो.

मोबाईलचा प्रोसेसरही मेमरीवर असाच पहारा ठेवतो. पण एसएमएस वाचायची परवानगी तुम्हीच ‘अलाऊ’ दाबून दिली, तर हा पहारा कामाचा नाही. म्हणून अनोळखी एपीके इन्स्टॉल करूच नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.