जमिनीची तहान

आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा म्हणून ओळखला जातो. पाऊस सर्वत्र सारखा पडला, तरी तो कोठे मुरेल आणि कोठून वाहून तळ्यात येईल, हे जमीन ठरवते. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने यावरून जमिनीचे अ, ब, क, ड असे चार गट पाडले. आपल्याकडेही तेच वापरतात. पूर्ण भिजल्यावरही तासाला सुमारे ८ ते ११ मिलिमीटर पाणी जिरवते ती 'अ' गटातील रेताड जमीन. जेमतेम १ मिलिमीटर जिरवते ती 'ड' गटातील चिकण जमीन.

माझ्या वडिलांना हे गट ठाऊक नाहीत. पण कन्हार, मोरांड, खरडी, सिहार ही नावे तोंडपाठ आहेत. काळ्या कन्हारीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिला पाऊस ती घटाघटा पिते. मग फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर साचते. म्हणूनच गट ठरवताना भिजलेली जमीन धरतात. सिहार पिवळसर, वाळूमिश्रित. तरी तिच्यात धान पिकते, कारण चिखलणीने मातीची छिद्रे बुजतात व बांधीत पाणी टिकते.

तेव्हा पाणी न पिणारी जमीन वाईट, हे खरे नव्हे. विहिरीला मुरणारी जमीन हवी, तळ्याला न मुरणारी. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव या चिकण तळावरच उभे आहेत. गाळ काढताना तो थर खरवडला गेला, तर तलाव खोल होईल, पण पाणी धरणार नाही. म्हणून खोदण्यापूर्वी माती तपासावी, आणि गावातील जुन्या शेतकऱ्यांनाही विचारावे.