जुनेर, दंड, दुपटे : एका अर्थक्षेत्राचे उदाहरण

मागील घटकात आपण अर्थक्षेत्र ही संकल्पना पाहिली. एका व्यवहारातील शब्द सुटे नसतात. ते परस्परांच्या अर्थाच्या सीमा ठरवतात, असे तेथे म्हटले होते. उदाहरणादाखल येथे जुन्या वस्त्रांतून नवी वस्त्रे शिवण्याचा घरगुती व्यवहार घेऊ.

कंधार येथील संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने याच विषयावर स्वाध्याय लिहून आणला होता. शीर्षक होते 'टाकाऊपासून टिकाऊ'. बोलताना मात्र ती सहज म्हणाली, "आमची माय जुनेराला दंड घालायची." हे वाक्य स्वाध्यायात का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ते गरिबीचं बोलणं आहे." भाषेच्या अभ्यासकाने हे उत्तर सहजी मान्य करू नये. का, ते पाहू.

जुनेर म्हणजे वापरून विरलेले लुगडे. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे असते. पण ते सर्वत्र सारखे झिजत नाही. बसण्याउठण्याचा ताण सोसणारा मधला भाग आधी विरतो, टोकांकडचा भाग धड राहतो. विरलेला पट्टा कापून काढायचा आणि दोन धड तुकडे आडव्या शिवणीने जोडायचे, याला दंड घालणे म्हणतात. काही भागांत 'दांड' असाही उच्चार आढळतो. लांबी अपुरी पडली तर दोन जुनेरांतून एक लुगडे होई. ठिगळ याहून वेगळे. ते भोकावर वरून बसते आणि दिसते; दंडात झिजलेला भागच निघून जातो आणि शिवण शक्यतो निऱ्यांत दडवली जाते. रफू म्हणजे फाटल्या जागी दोऱ्यांनी केलेली वीण. या तीन शब्दांपैकी एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

दंडानेही न निभावणाऱ्या लुगड्यातून मुलीचा परकर निघे. त्याहून लहान तुकड्यांतून बाळाची कुंची, झबले, दुपटे. उरलेले वाकळीत, म्हणजे गोधडीत जाई आणि अखेर पोतेरे होई. यांपैकी दुपट्याकडे विशेष लक्ष द्यावे. कोऱ्या कापडाला खळ असते, ते टोचते. अनेकदा धुतलेले सुती कापड मऊ पडते. म्हणून तान्ह्या बाळासाठी जुनेच कापड मुद्दाम निवडले जाई. ही निवड ऐपत असलेल्या घरांतही होती. तेव्हा 'गरिबीचं बोलणं' हे वर्णन अर्धेच खरे आहे.

आता प्रश्न असा, की या क्षेत्रात 'टाकाऊ' हा शब्द कोठे बसतो? तो बसतच नाही. वस्तू आधी टाकली गेली आणि मग कोणी कल्पकतेने उचलली, असे हस्तकलेच्या तासाला ऐकलेला तो वाक्प्रयोग सुचवतो. घरातल्या शब्दांत टाकण्याचा टप्पाच नाही. दर टप्प्याला वस्तूला नवे नाव आणि नवे काम मिळते. ही रीत फार जुनी आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात राजा उदेन आनंदाला विचारतो, की इतक्या चीवरांचे तुम्ही काय करणार? नवी चीवरे विरलेल्या चीवरांच्या भिक्षूंना वाटू, असे आनंद सांगतो. मग जुन्यांचे काय, हा प्रश्न पुढे सरकत जातो : आच्छादने, गाद्यांच्या खोळी, जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, झटकणी आणि शेवटी चिखलात कालवून जमिनीचा लेप. आपली उतरंड पोतेऱ्याशी थांबते, एवढाच फरक.

शब्दांच्या मुळांविषयी थोडे. सुई आणि कात्री हे संस्कृत सूची व कर्तरी यांवरून आलेले तद्भव, अस्तर, रफू, दर्जी फारसीतून आले, इस्त्री पोर्तुगिजांकडून. आपल्याकडील विद्यार्थी प्रत्येक फारसी शब्द निजामाच्या खात्यावर मांडतात. पण अस्तर आणि रफू पुण्या-साताऱ्याच्या मराठीतही रुळलेले आहेत.

स्वाध्याय : घरातील किंवा शेजारच्या वयस्क स्त्रीला जुन्या लुगड्याचे काय काय करीत, ते विचारा. ती सांगेल ते शब्द तिच्याच उच्चाराप्रमाणे लिहा. 'दांड' ऐकू आल्यास 'दांड'च लिहावे. प्रत्येक शब्दापुढे कापडाचा कोणता भाग, कोणती शिवण आणि कोणासाठी, एवढे नोंदवा. प्रमाण मराठीतील पर्याय शोधण्याची या टप्प्यावर गरज नाही.