ध्वनिमाध्यमे : नभोवाणी व पॉडकास्ट

केवळ ध्वनीच्या द्वारे माहिती, विचार व रंजन श्रोत्यांपर्यंत पोहोचविणारी दोन माध्यमे. नभोवाणीत एका केंद्रावरून प्रक्षेपित होणारा कार्यक्रम त्या टापूतील सर्व ग्राही संचांवर एकाच वेळी ऐकू येतो. पॉडकास्टमध्ये ध्वनिमुद्रित भाग आंतरजालावर साठविलेला असतो व श्रोता तो आपल्या सोयीने उतरवून ऐकतो. पहिल्यात वेळ प्रसारक ठरवितो, दुसऱ्यात श्रोता. मराठवाड्यातील नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांचा भूगोल, तेथील बोली व शेतीप्रधान जीवन ह्यांच्या संदर्भात हा भेद विशेष स्पष्ट होतो.

इतिहास : इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबई केंद्रावरून २३ जुलै १९२७ रोजी प्रसारण सुरू केले. शासकीय सेवेस १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व संस्थानाची नभोवाणी स्वतंत्र होती. ती १९५० मध्ये केंद्र सरकारकडे आली. पुढे मराठवाड्यात औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड इ. ठिकाणी आकाशवाणीची केंद्रे झाली. ‘पॉडकास्ट’ हा शब्द ‘आयपॉड’ ह्या खिशात मावणाऱ्या ध्वनिवादकाचे नाव व ‘ब्रॉडकास्ट’ (प्रसारण) ह्यांच्या संयोगातून बनला असून बेन हॅमर्स्ली ह्या ब्रिटिश पत्रकाराने तो २००४ मध्ये वापरला. भारतात २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल स्वस्त झाल्यावर ह्या प्रकाराचा प्रसार वाढला.

तांत्रिक भेद : नभोवाणीचे मध्यम तरंग भूपृष्ठालगत दूरवर जातात व रात्री आयनांबरावरून (वातावरणाच्या विद्युत् भारित थरांवरून) परावर्तित होऊन अधिकच दूर पोहोचतात. परभणी केंद्राचे प्रक्षेपण १३०५ किलोहर्ट्‌झ ह्या मध्यम तरंगाच्या कंप्रतेवर होत आले. परभणीपासून नांदेड सरळ रेषेत सु. ५५ किमी., तर लातूर सु. १०० किमी. अंतरावर आहे. नांदेड केंद्र १०१.१ मेगॅहर्ट्‌झ ह्या कंप्रतेवर एफ्‌.एम्‌. पद्धतीने प्रक्षेपण करते. ह्या पद्धतीत ध्वनी अधिक निर्दोष मिळतो. मात्र तिचे तरंग बहुधा सरळ रेषेत जात असल्याने क्षितिज व डोंगर त्यांना अडवितात. त्यामुळे सु. १०० किमी.वरील किनवट व माहूर हे डोंगराळ भाग त्याच जिल्ह्यात असूनही अशा प्रक्षेपणाच्या दृष्टीने अडचणीचे ठरतात. पॉडकास्टला अंतराची मर्यादा नाही, परंतु भ्रमणध्वनीचे जाळे, योग्य उपकरण व आकार भरण्याची ऐपत लागते. सेकंदास ६४ किलोबिट ह्या वेगाने मुद्रित केलेला एक तासाचा भाग सु. २९ मेगॅबाइट जागा व्यापतो. नभोवाणीत श्रोते कितीही वाढले तरी प्रक्षेपणाचा खर्च वाढत नाही. पॉडकास्टमध्ये प्रत्येक श्रोत्यासाठी माहितीचे स्वतंत्र वहन करावे लागते.

आशय व नियंत्रण : नभोवाणीस परवाना व नेमून दिलेली कंप्रता आवश्यक असते. खाजगी एफ्‌.एम्‌. वाहिन्यांना स्वतःची वार्तापत्रे देता येत नाहीत. आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी सहक्षेपित करण्याची मुभा त्यांना आहे. पॉडकास्टसाठी असा परवाना लागत नाही. परिणामतः निर्मिती सुलभ होते, परंतु मजकुराची शहानिशा करण्याचे दायित्व बव्हंशी निर्माता व श्रोता ह्यांच्यावर पडते. भाषेच्या दृष्टीनेही फरक संभवतो. देगलूर-बिलोली भागात तेलुगूचा, उदगीर-निलंगा भागात कन्नडचा व सर्वत्र दखनी उर्दूचा बोलीवर प्रभाव आहे. विस्तृत क्षेत्रासाठी बोलणारी नभोवाणी सामान्यतः प्रमाण मराठीकडे झुकते. मोजक्या श्रोत्यांवरही चालू शकणाऱ्या पॉडकास्टमध्ये बोलीला अधिक वाव मिळतो.

सामाजिक उपयोग : नभोवाणीचे सामर्थ्य सामुदायिक श्रवणात आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे व आसपासच्या जिल्ह्यांतील सु. १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापून प्रयोग करण्यात आला. कार्यक्रम ऐकून चर्चा करावयाची व प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे, अशी त्याची पद्धती होती. पॉडकास्टचे श्रवण बहुधा एकट्याने होते. तथापि पेरणी वा कीडनियंत्रणावरील भाग गरजेच्या वेळी पुनःपुन्हा ऐकता येतो. नभोवाणीचा एकदा चुकलेला कार्यक्रम, ध्वनिमुद्रण जपले नसल्यास, कायमचा हातचा जातो.

आपत्तीच्या काळी मात्र उलट स्थिती असते. किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपासारख्या प्रसंगी वीज व दूरसंचार खंडित होण्याचा धोका असतो. तेव्हा शुष्क विद्युत् घटांवर चालणारा साधा संच दूरच्या केंद्राचे निवेदन ग्रहण करू शकतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत पाणीवाटपाची सूचना सर्वांना एकाच वेळी कळणे महत्त्वाचे असते. त्या टंचाईची कारणमीमांसा सविस्तर मांडण्यास पॉडकास्ट अधिक सोयीचा होय.

दोन्ही माध्यमे परस्परांजवळ येत आहेत. आकाशवाणीचे प्रसारण भ्रमणध्वनीवरही ऐकता येते. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हा आंतरजालीय मंच सुरू केला. त्यापूर्वी ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३४ नव्या शहरांतील खाजगी एफ्‌.एम्‌. वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली असून त्यांत लातूर व उदगीर ह्यांचा समावेश आहे.