माळवदावरची माती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून आमचं कंधार गाढ झोपलेलं. चार वाजायला चार-पाच मिनिटं असतील, फळीवरची भांडी थरथरली. अम्मीला वाटलं, मांजर आलं. अब्बा म्हणाले, "जमीन हलली." मी विशीतला, हसलो. दख्खनचा काळा दगड कशाला हलतोय? मग रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं येऊ लागली आणि हसू जिरलं.

किल्लारी इथून शंभराहून अधिक किलोमीटर. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. सुमारे ९,७०० माणसं गेली, बावन्न गावं उद्ध्वस्त झाली. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

मग भूकंप आला कुठून? आपला भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयापाशी आशियाला भिडतो. तो रेटा आतपर्यंत पोचतो. आपल्या काळ्या दगडाखाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे, त्यात जुन्या भेगा आहेत. ताण हळूहळू साठतो आणि एखादी भेग सरकते. दोन मोठ्या धक्क्यांमध्ये इतका काळ जातो, की माणसांच्या आठवणीत काही उरत नाही. आपण त्यालाच सुरक्षितता म्हणतो.

पण माणसं मारली ती घरांनी. दोन-अडीच फुटी भिंती, गोल दगड, मधे चिखल. वर माळवद. दर पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, म्हणून आजोबांनी तो घातला, अब्बांनीही घातला. जुना थर कुणी काढला नाही. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसले, की धक्क्यानं भिंत उकलते, आणि वरची माती झोपलेल्या माणसावर येते.

पुढे २००२ साली नकाशा बदलला, लातूरचा भाग वरच्या पट्ट्यात गेला. २१ मार्च २०२४ला हिंगोली जिल्ह्यात ४.५चा धक्का बसला, नांदेडपर्यंत जाणवला. किल्लारीत निघालेली ऊर्जा त्याच्या साडेतीनशे पट होती. छोटा धक्का मोठ्याची वर्दी असतोच असं नाही, आणि दिवस-वेळ कुणीच सांगू शकत नाही. घर मात्र आज तपासता येतं. माळवदावरची जादा माती उतरवावी. भिंतीत ठिकठिकाणी आरपार जाणारे लांब दगड बसवावेत. नवं बांधताना दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना सिमेंट-लोखंडाचा सलग पट्टा द्यावा.

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या जुन्या घरावरची माती काढली. कितीतरी गाड्या निघाल्या. घर आता जरा तापतं. पण त्याखाली नातवंडं झोपतात, आणि मलाही झोप लागते.