उजळणी गुणोत्तरांची, ओळख चुकांची

परीक्षा तोंडावर आली की सहावी-सातवीतील मूल असलेल्या प्रत्येक घराचे वातावरण पालटते. दूरदर्शन संच मुका होतो, पाहुण्यांचे येणे-जाणे थांबते आणि जेवणाच्या ताटावरही पाढे विचारले जातात. गतवर्षी आमच्या घरीही हेच चित्र होते. सातवीत शिकणाऱ्या कन्येची गणिताची चाचणी चार दिवसांवर आली होती. अभ्यासाला दोन घटक होते: परिमेय संख्या आणि गुणोत्तर-प्रमाण. दिवसभर आकड्यांच्या सहवासात वावरणाऱ्या माझ्यासारख्या बँक अधिकाऱ्याला ही उजळणी मुळीच जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती.

वहीतील पहिल्याच उदाहरणापाशी ती समजूत ढासळली. १/२ + १/३ = २/५ असे तिने लिहिले होते. अंशांची बेरीज वर, छेदांची बेरीज खाली! मी छेद समान करण्याची रीत पुन्हा समजावली, दहा उदाहरणे घातली आणि तिने ती बिनचूक सोडवलीही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मात्र पुन्हा तेच २/५. माझा संयम सुटला व बोलू नये ते बोलून गेले. वही मिटून ती हळूच म्हणाली, "मला गणित येतच नाही."

ते वाक्य मनाला लागले. काही वेळाने तिच्याजवळ बसून मी प्रथमच विचारले, "हे उत्तर तू कसं काढलंस, ते मला सांग ना."

ती म्हणाली, "काल कॅरमचे दोन डाव खेळले, त्यातला एक जिंकला. आज तीन खेळले, त्यातला एक जिंकला. मग पाचांत दोन जिंकले ना, आई?"

मी निरुत्तर झाले. तिचे म्हणणे पूर्णतः बरोबर होते. पाच डावांपैकी दोन जिंकले, हे सांगण्याची रीत हीच आहे. परंतु येथे अर्धा भाग दोन डावांचा आहे आणि एक तृतीयांश भाग तीन डावांचा. दोन्हींचे 'पूर्ण' निरनिराळे आहेत. याउलट, संख्या म्हणून १/२ आणि १/३ यांची बेरीज करताना दोन्ही भाग एकाच 'पूर्णा'चे असावे लागतात. दोन घटक लागोपाठ शिकताना एका घटकातील रास्त विचार दुसऱ्या घटकात शिरला होता. त्या विचाराला त्याची जागा दाखविणे एवढेच माझे काम उरले होते.

आम्ही दुधाचे माप पुढे ठेवले. अर्धा लिटर दुधात एक तृतीयांश लिटर दूध ओतले, तर किती होईल? २/५ लिटर म्हणजे ४०० मिलिलिटर. अर्धा लिटर तर ५०० मिलिलिटरचा! दूध ओतल्यावर ते कमी कसे झाले, असा प्रश्न तिनेच केला आणि तिनेच छेद समान करून ३/६ + २/६ = ५/६ असे उत्तर काढले. गंमत अशी की, पुढील प्रश्न '१/३ आणि १/२ यांच्या दरम्यानची एक परिमेय संख्या लिहा' असा होता, आणि तिचे ते चुकलेले २/५ त्याचे अचूक उत्तर होते.

नेहमीच्या तीन अडचणी

त्या सायंकाळपासून मी तिच्या चुका मोजणे सोडून त्या वाचू लागले. त्यांतील तीन प्रकार बहुतेक मुलांच्या वहीत आढळतात.

पहिला प्रकार एककांचा. ५० पैशांचे २ रुपयांशी गुणोत्तर काढताना मूल ५० : २, म्हणजेच २५ : १ असे लिहिते. याचा अर्थ पन्नास पैसे दोन रुपयांच्या पंचवीसपट होतात! दोन्ही राशी पैशांत घेतल्या की ५० : २००, म्हणजे १ : ४ हे खरे गुणोत्तर मिळते.

दुसरा प्रकार वाटणीचा. आई व मावशी यांनी अनुक्रमे ३०,००० व २०,००० रुपये घालून मसाल्यांचा व्यवसाय केला आणि १०,००० रुपये नफा झाला. भांडवलाचे गुणोत्तर ३ : २ आहे, म्हणून मूल नफ्याचा ३/२ भाग आईला देते आणि आईच्या वाट्याला १५,००० रुपये येतात. वाटा एकूण नफ्याहून मोठा असू शकत नाही, हे ध्यानात आणून दिले की ते स्वतःच पाच भाग करते. आईस ६,००० आणि मावशीस ४,०००; दोहोंची बेरीज १०,०००.

तिसरा प्रकार ऋण संख्यांचा. −३/४ आणि −१/२ यांपैकी मोठी कोणती? मुले सवयीने −३/४ म्हणतात. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन व ऋण संख्यांचे नियम मांडले आहेत, आणि ऋण म्हणजे कर्ज. हजार रुपयांचा तीन चतुर्थांश, म्हणजे ७५० रुपये देणे असलेल्यापेक्षा ५०० रुपये देणे असलेल्याची स्थिती केव्हाही बरी. म्हणून −१/२ ही मोठी संख्या.

या दोन्ही घटकांचे नाते भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील एका उदाहरणात सुरेख दिसते. 'लीलावती' हा इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा भाग. शंभरावर दरमहा पाच व्याज असेल, तर सोळांवर वर्षाचे व्याज किती, असा तो प्रश्न आहे. प्रमाणाने सोळांवर एका महिन्याचे व्याज ४/५ येते आणि बारा महिन्यांचे ४८/५, म्हणजे ९ पूर्णांक ३/५. रीत गुणोत्तराची, उत्तर परिमेय संख्येत! हा दर दरसाल ६० टक्के होतो, हे आपल्या चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

चाचणीपूर्वीच्या तीन सायंकाळी

पालकांनी पुढील क्रम अवश्य अवलंबून पाहावा. पहिल्या सायंकाळी नवी उदाहरणे न घालता जुन्या वहीतील चुकलेली उदाहरणेच निवडावीत आणि प्रत्येक चूक कोणत्या प्रकारची, हे मुलाकडूनच वदवून घ्यावे. दुसऱ्या सायंकाळी प्रत्येक प्रकाराची दोनच उदाहरणे द्यावीत. सोडविण्यापूर्वी उत्तराचा अंदाज आणि सोडविल्यानंतर पडताळा, हा नेम पाळावा. तिसऱ्या सायंकाळी दोन्ही घटकांची मिश्र उदाहरणे वेळ लावून सोडवावीत आणि मुलास वेळेवर झोपू द्यावे.

दिवसअखेर बँकेतील रोकड हिशेबाशी जुळली नाही, तर आम्ही कोणावर आवाज चढवीत नाही. फरक नेमका कोठे पडला, ते नोंदी तपासून शांतपणे शोधतो. कचेरीत वर्षानुवर्षे पाळलेला हा धडा घरच्या अभ्यासाच्या टेबलावर मला उशिरा आठवला, याची खंत वाटते.

चाचणीत कन्येला पैकीच्या पैकी गुण मिळाले नाहीत. वीसांपैकी सोळा मिळाले. उत्तरपत्रिका हाती देताना ती म्हणाली, "आई, इथे मी एकक बदलायला विसरले, बघ." स्वतःची चूक तिने स्वतःच शोधली होती आणि ती सांगताना तिचा चेहरा पडला नव्हता. गेलेल्या चार गुणांबद्दल मी अवाक्षर काढले नाही.