परदेशातील सहामाही आणि अर्ध्या दिवसाची उमेदवारी

खानापूरकडील एक गृहस्थ परवा आमच्याकडे आले होते. त्यांची कन्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. एक सहामाही जर्मनीतील विद्यापीठात शिकण्यासाठी तिच्या महाविद्यालयाने तिची निवड केली आहे. खर्चासाठी शेताच्या एका तुकड्यावर कर्ज काढावयाचे घरात ठरत होते. इतक्यात मुलीने विचारले, "बाबा, तिकडे अर्धा दिवस एखाद्या कारखान्यात उमेदवारी केली तर चालेल ना? अनुभव मिळेल, चार पैसेही येतील आणि तेवढे कर्ज कमी होईल." गृहस्थांनी तोच प्रश्न आमच्यापुढे ठेवला. "तुम्हीच सांगा, होय म्हणू की नको म्हणू?"

हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. म्हणून त्यांस दिलेले उत्तर आम्ही येथे विस्ताराने देत आहो.

मुले जिला इंटर्नशिप म्हणतात, ती म्हणजे आपल्या जुन्या व्यवहारातील उमेदवारीच होय. सुताराच्या वा शिंप्याच्या हाताखाली राहून हात वळवून घ्यावयाचा, तोच हा प्रकार. तिचा मुख्य लाभ शिकण्याचा. पैशाचा लाभ दुय्यम. हा भेद ध्यानी ठेवला तर पुढील सारे हिशेब सोपे होतात. असे हिशेब तीन आहेत आणि ते घर सोडण्यापूर्वी मांडावयाचे आहेत.

पहिला हिशेब तासांचा. युरोपातील विद्यापीठे अभ्यासाचे माप श्रेयांकांत मोजतात. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे श्रम गृहीत धरलेले असतात. त्यांत वर्गातील व्याख्याने आली आणि खोलीवर बसून केलेला अभ्यासही आला. पूर्ण सहामाहीचे श्रेयांक ३०, म्हणजे जर्मनीच्या मापाने सुमारे ९०० तास. सहामाहीचे आठवडे २६. एकही आठवडा सुटी न घेता भागाकार केला तरी आठवड्यास ३५ तास अभ्यासाकडे जातात. त्यावर उमेदवारीचे २० तास चढविले की ५५ झाले. याखेरीज स्वयंपाक, कपडे, परकी भाषा आणि परकी थंडी आहेच. घरी आईच्या हातचे गरम जेवण मिळणाऱ्या मुलास हे ओझे कदाचित पेलेल. एकट्याने राहणाऱ्यास ते जड जाते. मात्र महाविद्यालयाच्या संमतीने २० श्रेयांकच घेतले, तर अभ्यासाचे तास आठवड्यास २३ वर येतात आणि उमेदवारीसाठी खरोखर जागा होते. तेव्हा प्रथम विचारावयाचे ते हे, की आपले महाविद्यालय किमान किती श्रेयांक मागते.

दुसरा हिशेब परवान्याचा. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यास जर्मनीत वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. २०२४ च्या मार्चपूर्वी ही मर्यादा १२० व २४० दिवसांची होती. चार तासांपर्यंतचे काम सामान्यतः अर्धा दिवस समजले जाते. आठवड्यातून तीन अर्धे दिवस याप्रमाणे १६ आठवडे काम केले तर ४८ अर्धे दिवस भरतात. हे मर्यादेत सहज बसते. परंतु येथे अनेकांची फसगत होते. आपल्या खुषीने केलेली उमेदवारी बिनपगारी असली तरी तिचे दिवस या मर्यादेतून वजा होतात. 'पैसे घेतले नाहीत, मग हे काम कसले?' हा बचाव तेथे चालत नाही. जी उमेदवारी तेथील अभ्यासक्रमातच अनिवार्य म्हणून नेमलेली असते, तीच या मोजणीतून सुटते. म्हणून आपली उमेदवारी कोणत्या वर्गात मोडते, हे तेथील विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी मागवून घ्यावे.

एका देशाचा नियम दुसऱ्यास लावू नये. इंग्लंडात पाहुण्याच्या व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत शिकता येते, पण नोकरी वा उमेदवारी करता येत नाही. कॅनडात केवळ सत्रापुरत्या आलेल्या पाहुण्या विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करण्याची मुभा नाही. अमेरिकेत एफ-१ व्हिसाच्या विद्यार्थ्यास अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर उमेदवारी करावयाची तर सामान्यतः आधी पूर्ण एक शैक्षणिक वर्ष तेथे काढावे लागते. गोव्यातील ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांच्या मुलांस जर्मनीत दिवसांची मर्यादा नाही; तासांचा हिशेब मात्र त्यांसही चुकत नाही.

तिसरा हिशेब श्रेयांकांचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. सोफिया कोर्रादी नावाच्या इटालियन तरुणीने १९५७-५८ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कायद्याचे उच्च शिक्षण घेतले. ती रोमला परतली, तेव्हा तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण जमेस धरण्याचे नाकारले. त्या अपमानाने ती खचली नाही. दुसऱ्या विद्यार्थ्यांवर ही पाळी येऊ नये म्हणून तिने पुढे वर्षानुवर्षे खटपट केली. युरोपातील विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची जी 'इरॅस्मस' योजना १९८७ साली सुरू झाली, तिच्यामागे कोर्रादीबाईंचे हे श्रम होते. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. आज काही भारतीय महाविद्यालयांतील मुलांसही तिची शिष्यवृत्ती मिळू शकते. शिक्षण व उमेदवारी एकाच मुक्कामात, एकापाठोपाठ किंवा बरोबरीने, करण्याची सोयही तिच्या नियमांत आहे.

या योजनेतील शिरस्ता सर्वांनी उचलावा असा आहे. कोणते विषय शिकावयाचे आणि त्यांचे किती श्रेयांक घरी जमेस धरले जातील, याचा करार निघण्यापूर्वीच होतो. त्यावर विद्यार्थी, पाठविणारे विद्यालय आणि स्वीकारणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. उमेदवारी करावयाची असेल तर तीही अशीच कागदावर यावी. काम कोणते, तास किती, देखरेख कोणाची, श्रेयांक किती, हे त्यात स्पष्ट असावे. तोंडी आश्वासनावर सहामाही पणास लावू नये.

आता पैशाविषयी. शिष्यवृत्ती नसेल तर जर्मनीच्या व्हिसासाठी महिना ९९२ युरो या २०२४ साली ठरलेल्या दराने रक्कम बँकेत अडकवून दाखवावी लागते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. ही तजवीज निघण्यापूर्वीची असल्यामुळे पुढे मिळणाऱ्या विद्यावेतनावर ती उभी करता येत नाही. शिवाय जर्मनीचा किमान वेतनाचा कायदा अनिवार्य उमेदवारीस लागू नाही. शिक्षण चालू असताना खुषीने केलेल्या तीन महिन्यांपर्यंतच्या उमेदवारीसही तो लागू नाही. म्हणजे हाती थोडेच येईल, कदाचित काहीच येणार नाही. ते आले तर देवाची कृपा समजावी. कर्जाच्या हप्त्यात ते आधीच धरू नये.

मग क्रम कसा ठेवावा? जर्मनीतील उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असे असते. पण व्याख्याने साधारण एप्रिलच्या मध्यास सुरू होऊन जुलैच्या मध्यास संपतात. पहिला महिना केवळ शिकण्यात, भाषेत आणि वाटा ओळखण्यात घालवावा. त्यानंतर आठवड्यातून दोन किंवा तीन अर्धे दिवस उमेदवारी करावी. व्याख्याने व परीक्षा आटोपल्यावर वास्तव्याच्या परवान्याची मुदत असेल तर त्याच ठिकाणी पूर्ण दिवस काम करावे. सुरुवातीच्या आठवड्यांत पाहुण्यासारखा बसणारा विद्यार्थी अखेरीस तेथील माणसांत मिसळतो, तो अशा संथ क्रमानेच.

त्या गृहस्थांस आम्ही इतकेच सांगितले, "मुलीला होय म्हणा. पण उमेदवारी अभ्यासाच्या पोटात बसणारी असावी आणि तिचा कागद विमानाच्या तिकिटाआधी हाती यावा. कर्ज फेडण्याचा भार तिच्या खांद्यावर ठेवून तिला पाठवू नका. तो भार घेऊन गेलेले मूल कारखान्यातील शिकण्याची जागा सोडून रात्री हॉटेलात भांडी घासू लागते. भांडी घासण्यात कमीपणा नाही. पण ज्यासाठी शेत गहाण टाकले, ते मग शिकावयाचे राहून जाते."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिला सांगावयाचे की, बये, पैसे पाठविण्याची घाई करू नकोस."

होय. निरोप देताना आईबापांनी नेमके हेच सांगावे.